साखर काढली, औषधाला धार आली

कॅन्सरवर वापरण्यासाठी अमेरिकेत मान्यता मिळालेली पहिली मोनोक्लोनल अँटिबॉडी म्हणजे १९९७ चं रिटुक्सिमॅब. लिम्फोमाच्या उपचारात तिने मोठा फरक पाडला; तरी काही रुग्णांत ती फिकी पडे. कारणं शोधताना संशोधकांची नजर गेली ती अँटिबॉडीच्या देठाकडे.

अँटिबॉडीचा आकार इंग्रजी वाय अक्षरासारखा. वरचे दोन हात कॅन्सरच्या पेशीवरचं ठरावीक प्रथिन धरतात. देठाला येऊन चिकटतात आपल्याच शरीरातल्या ‘नॅचरल किलर’ पेशी, आणि त्या सावज संपवतात. या देठावर साखरेच्या रेणूंची एक छोटी साखळी असते. त्यातला फ्युकोज नावाचा एकच रेणू मध्ये लुडबुडतो आणि किलर पेशींची पकड सैल होते. तो काढला, की पकड कैक पटींनी घट्ट!

पण काढायचा कसा? अशी बरीच औषधं चिनी हॅमस्टरच्या अंडाशयातून मिळवलेल्या पेशींत तयार होतात. जपानी संशोधकांनी त्या पेशींमधलं फ्युकोज जोडणारं जनुकच निकामी केलं. त्या तंत्राने बनलेलं मोगामुलिझुमॅब जपानमध्ये २०१२ साली मंजूर झालं. ओबिनुटुझुमॅबसाठी युक्ती वेगळी: पेशींत जादा एन्झाइम घालून फ्युकोजचं प्रमाण घटवलं. क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमियासाठी त्याला २०१३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली.

धार दुधारी निघाली, हेही खरं. पहिल्यांदा शिरेतून देताना थंडी, ताप, रक्तदाब उतरणं असे त्रास होऊ शकतात. म्हणून या ल्युकेमियात ओबिनुटुझुमॅबचा १००० मिलीग्रॅमचा पहिला डोस पहिल्या दिवशी १०० आणि दुसऱ्या दिवशी ९०० असा विभागून देतात.