‘शीतयुद्ध’ थंड नेमकं कुणासाठी होतं?

शाळेच्या पुस्तकात आपण सगळ्यांनीच वाचलंय: अमेरिका आणि सोव्हिएत रशिया समोरासमोर कधी लढले नाहीत, म्हणून ते ‘शीतयुद्ध’. पण ही व्याख्या तेहरान किंवा काबूलच्या माणसाला सांगून बघा.

हिटलरविरुद्ध हे दोघे एका बाजूला होते. १९४५ मध्ये हिटलर संपला आणि दोस्तीही संपली. एकाला खासगी मालकी आणि खुला बाजार हवा होता, दुसऱ्याला सगळं सरकारच्या, म्हणजे पक्षाच्या ताब्यात. स्टॅलिनने पूर्व युरोपात मर्जीतली सरकारं बसवली. उत्तर इराणमधलं सैन्य काढायलाही १९४६ मध्ये टाळाटाळ केली. पुढच्या वर्षी ट्रुमन यांनी ग्रीस आणि तुर्कस्तानसाठी ४० कोटी डॉलर मागितले. म्हणजे मुस्लिम देश या भांडणात पहिल्या दिवसापासून होते. नाटो आणि वॉर्सा करार नंतरचे.

इराणचे निवडून आलेले पंतप्रधान मुसद्दिक यांनी १९५१ मध्ये आपलं तेल ब्रिटिश कंपनीकडून परत घेतलं. ऑगस्ट १९५३ मध्ये अमेरिका आणि ब्रिटनच्या गुप्तहेरांनी त्यांचं सरकार पाडलं. कारण सांगितलं, कम्युनिस्टांचा धोका!

रशियाही काही कमी नव्हता. समरकंद-बुखाऱ्याच्या मशिदींना कुलपं लावणारं हेच राज्य डिसेंबर १९७९ मध्ये अफगाणिस्तानात घुसलं. मग अमेरिकेला अचानक इस्लामचा पुळका आला. पाकिस्तानमार्गे मुजाहिदीनांना शस्त्रं गेली, सौदीचा पैसा आला, रेगन त्यांना स्वातंत्र्यसैनिक म्हणू लागले. आपल्यातल्याही अनेकांना ते खरं वाटलं, हे कबूल करायला हवं. लाखो अफगाण मेले, लाखो निर्वासित झाले. १५ फेब्रुवारी १९८९ रोजी रशियाची शेवटची तुकडी अमू दर्याचा पूल ओलांडून परतली.

तोवर रशिया आतून पोखरला होता. शस्त्रांवर अफाट खर्च, दुकानांपुढे रांगा, तेलाचे पडलेले भाव. गोर्बाचेव्ह यांनी मोकळीक दिली आणि दबलेलं सगळं वर आलं. त्याच नोव्हेंबरात बर्लिनची भिंत पडली, डिसेंबर १९९१ मध्ये सोव्हिएत संघच विसर्जित झाला. १५ देश निघाले. उझबेकिस्तान, अझरबैजान धरून सहा मुस्लिमबहुल. तिथल्या बंद मशिदी पुन्हा उघडू लागल्या.

अमेरिका जिंकली असं जगाने म्हटलं. काबूलमध्ये मात्र १९९२ साली नजीबुल्लांचं सरकार कोसळलं आणि मुजाहिदीनांचे गट त्याच शस्त्रांनी एकमेकांवर तुटून पडले. रशियाच्या युद्धात बरंचसं वाचलेलं ते शहर तेव्हा ढिगारा झालं.