भीड, वही आणि भांडवल

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी कोणत्याही पेठेतून सहज फेरी मारावी, म्हणजे दुकानोदुकानी एकच देखावा दृष्टीस पडतो. पाटावर नवी कोरी वही, तिच्यावर कुंकवाचे स्वस्तिक, पहिल्या पानावर ठसठशीत 'श्री', आणि समोर हात जोडून मालक उभे. तीच वही पुढील शिमग्यास कोणी उघडून पाहील, तर पुष्कळ ठिकाणी त्या 'श्री'पुढे फारसे काही लिहिलेले त्यास आढळणार नाही. परप्रांतीय पेढीवाल्यांविषयी आमच्या लोकांत असूया पुष्कळ आहे. परंतु जुन्या पेढ्यांवर रात्री रोजमेळ जमल्याखेरीज दिवा मालवीत नसत, ही गोष्ट त्या असूयेत कोणी जमेस धरीत नाही.

मराठी मनुष्याचा धंदा भांडवलाअभावी बुडतो असे म्हणण्याची आमच्यात वहिवाट पडली आहे. गेली वीस वर्षे वकिलीच्या निमित्ताने बुडालेल्या धंद्यांची कागदपत्रे, किंवा खरे म्हणजे कागदपत्रांचा अभाव, पाहत आल्यामुळे आमचे मत निराळे झाले आहे. भांडवलाची अडचण खोटी नव्हे. तथापि तारणावाचून कर्ज देणारी मुद्रा योजना २०१५ साली सुरू झाली, तिची दहा लाखांची मर्यादा २०२४ साली, आधीचे कर्ज नीट फेडणाऱ्यांकरिता, वीस लाखांपर्यंत वाढली, आणि तरीही धंदे बुडावयाचे राहिले नाहीत. आमच्या पाहण्यात जे बुडाले त्यांपैकी बहुतेक भिडेने बुडाले. भागीदाराजवळ कागद मागण्याची भीड, गिऱ्हाइकाजवळ पैसे मागण्याची भीड, आणि घरच्या माणसांना 'गल्ल्यास हात लावू नका' असे सांगण्याची भीड. भीड ही भिकेची बहीण, असे आमच्या वाडवडिलांनी म्हणून ठेवले आहे. पण आम्ही ती म्हण दुसऱ्यास ऐकविण्यापुरतीच जवळ बाळगतो.

एक प्रकरण सांगतो. गतवर्षी एका तालुक्याच्या गावाहून एक विधवा बाई आमच्याकडे आल्या. आठ वर्षांपूर्वी त्यांच्या यजमानांचा कारखाना बंद पडला, तेव्हा निर्वाह निधीचे हाती आलेले तीन लक्ष रुपये त्यांनी एका मित्राच्या संगतीने मिरची कांडपाच्या यंत्रात व मसाल्याच्या दुकानात घातले. मित्राजवळ गाळा होता व बाजाराची माहिती होती. कागद करावा असे कोणी सुचविले, तेव्हा दोघेही हसून म्हणाले, "आपल्यात कसला कागद?" धंदा चालला, आणि तो ज्या मसाल्यावर चालला त्याचे प्रमाण व भाजणी या बाईंची होती. पहाटे पाच वाजता उठून त्या धणे-खोबरे भाजीत असत. यजमान अकस्मात वारले. चार महिने मित्राने घरी किराणा पोहोचविला, पाचव्या महिन्यात तो म्हणाला, "वहिनी, भाऊंचे पैसे माझ्याकडे हातउसने होते. ते बहुतेक फिटले."

आता कायदा काय म्हणतो ते पाहा. १९३२ च्या भागीदारी अधिनियमाप्रमाणे भागीदारी लेखी असलीच पाहिजे असे नाही, तोंडीही चालते. हिश्शाविषयी काही ठरलेले नसेल, तर नफा व तोटा समसमान वाटावयाचा, मग एकाने तीन लक्ष घातलेले असोत की तीन हजार. भागीदार मरण पावला म्हणजे, उलट करार नसल्यास, भागीदारी विसर्जित होते; आणि उरलेल्याने हिशेब न मिटविता मयताच्या मालमत्तेवर धंदा पुढे चालविला, तर वारसांस नफ्याचा योग्य वाटा किंवा दरसाल दरशेकडा सहा टक्के व्याज, यांपैकी पसंत पडेल ते मागता येते. म्हणजे कायदा या बाईंच्या विरुद्ध मुळीच नव्हता. विरुद्ध होता तो पुरावा. भागीदारी होती हेच आधी सिद्ध करावयाचे, आणि त्यासाठी घरात होती एक शाळकरी वही. सुदैवाने तिच्या काही पानांवर मित्राने स्वतःच्या अक्षरात 'भाऊंस नफ्यापोटी दिले' असे लिहून आकडे टाकले होते. नफ्यात वाटा मिळाला एवढ्याने मनुष्य भागीदार ठरतोच असे नाही, हे आम्ही बाईंस बजाविले. पण हातउसन्या पैशांवर नफा कोण देतो, हा प्रश्न समोरच्या वकिलांसही सुचला असावा. प्रकरण कोर्टाबाहेर मिटले. बाईंस यंत्र व थोडी रोकड मिळाली. दुकान, पाटी व गिऱ्हाईक मित्राकडे राहिले. आणि आठ वर्षे पहाटे उठून जे भाजणे झाले, त्याबद्दल कोणत्या कलमाखाली मागणी करावी, हे आम्हांस पुस्तके उलथीपालथी करूनही सापडले नाही; कारण त्यांचे नाव कोठेच नव्हते, वहीतही नव्हते.

जो कोणी दुसऱ्याच्या संगतीने धंदा काढू इच्छितो त्याने पहिला खर्च दस्तावर करावा, पाटीवर नव्हे. कोणी किती घातले, काम कोण करणार, कामाबद्दल दरमहा उचल किती, नफा कसा वाटावयाचा, एकजण वारला वा कंटाळला तर त्याच्या हिश्शाची किंमत कशी ठरवावयाची, आणि दुकानाचे नाव कोणाचे, एवढे तरी त्यात असावे. हे प्रश्न विचारल्याने मैत्री तुटेल अशी धास्ती वाटत असेल, तर ती मैत्री भागीदारीच्या उपयोगाची नाही हे दुकान उघडण्यापूर्वीच कळले, एवढा फायदा झाला. दस्त केल्यावर संस्था निबंधकाकडे नोंदवावी. नोंदणी सक्तीची नाही म्हणून पुष्कळ लोक टाळतात. पण अनोंदित भागीदारी संस्थेस, अगदी किरकोळ रक्कम सोडल्यास, कराराने येणे असलेल्या पैशांसाठी तिऱ्हाइतावर दावा लावता येत नाही. मात्र तिऱ्हाइतास तिच्यावर लावता येतो! महाराष्ट्रात १९८४ साली ही अट आणखी कडक करून हिशेब व विसर्जनाच्या दाव्यांसही लागू केली होती; सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली ती दुरुस्ती घटनाबाह्य ठरविली, ही गोष्ट निराळी. शिवाय साध्या भागीदारीत एकाने केलेल्या कर्जास दुसऱ्याचे राहते घरही जबाबदार असते, हे विसरू नये. ज्यांस ही जोखीम नको त्यांच्यासाठी २००८ च्या कायद्याने मर्यादित दायित्वाची भागीदारी, आणि २०१३ च्या कायद्याने एकट्याची कंपनी, हे मार्ग उघडले आहेत. त्यांत कागदांचा व्याप अधिक, म्हणून अगदी लहान धंद्याने घाई करू नये.

दुसरी गोष्ट किमतीची. एखादी भगिनी पुरणपोळ्या करून विकते. समजा, पोळी पंचवीस रुपयांस, आणि दिवसास चाळीस पोळ्या. म्हणजे हजार रुपये आले. डाळ, गूळ, कणीक व तूप यांस ५६० गेले, म्हणून ४४० नफा झाला असे ती समजते व आनंदित होते. पण गॅसचे ६०, डब्यांचे ८०, पोहोचविणाऱ्या मुलाचे १००, आणि फाटलेल्या वा परत आलेल्या दोन पोळ्यांचे ५० हे वजा केले म्हणजे उरतात १५०. त्यासाठी पाच तास ती तव्यापुढे उभी असते. तासास तीस रुपये! हा नफा नव्हे, मजुरी आहे, आणि तीही अपुरी. या हिशेबात स्वतःच्या श्रमाची किंमत घालावयास सांगितले की आमच्या भगिनी संकोचतात, आणि त्यांचे यजमान तर रागावतात, जणू घरच्या बाईचे हात फुकट असतात असे शास्त्रवचनच आहे. १९५९ साली गिरगावात सात गुजराती भगिनींनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापडाचा जो उद्योग काढला, तो आज 'लिज्जत' या नावाने सर्वांस ठाऊक आहे. त्यात लाटणारी प्रत्येक बाई मजूर नसून मालकीण मानली गेली व लाटलेल्या पापडांचा मोबदला तिच्या हाती पडत गेला. उसनवारीवर उभा राहिलेला उद्योग टिकला याचे रहस्य शोधणाऱ्यांनी पापडाच्या मसाल्याइतकेच याही गोष्टीकडे पाहावे.

घर आणि दुकान यांचे पैसे वेगळे ठेवावेत, हे सांगावयास अर्थशास्त्रज्ञ नको. पण पाळावयास निश्चय हवा. पूर्वी निदान गल्ला डोळ्यांसमोर रिकामा होत असे. आता गिऱ्हाईक मोबाइलने चौकटीच्या चित्रावरून पैसे पाठविते, ते मालकाच्या घरच्या खात्यात जातात, आणि त्याच खात्यातून मुलाची फी, विजेचे बिल व मेहुण्याच्या लग्नाचा आहेर परस्पर जातो. महिनाअखेर ठोक व्यापाऱ्याचे देणे आले म्हणजे मालक म्हणतो, "विक्री तर चांगली होती!" विक्री चांगलीच होती, ती घरात खाल्ली गेली. म्हणून दुकानाचे खाते पहिल्या दिवसापासून निराळे उघडावे व मालकाने नोकराप्रमाणे ठरीव पगार घ्यावा. त्या पगारात घर भागत नसेल तर ती बातमी लवकर कळलेली बरी. निदान सहा महिन्यांचा घरखर्च बाजूस ठेवल्यावाचून चालू नोकरी सोडू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. स्वतंत्र धंद्याच्या अभिमानाने राजीनामा देऊन तिसऱ्या महिन्यात सावकाराच्या दारी उभे राहणे, यात स्वातंत्र्य कसले?

उधारीविषयी थोडे विस्ताराने लिहिणे अवश्य आहे, कारण येथे भीड सर्वांत महाग पडते. मुदत न ठरविता उधार दिलेल्या मालाच्या किमतीचा दावा माल दिल्यापासून तीन वर्षांत लावावा लागतो. मुदत ठरली असल्यास ती संपल्यापासून तीन वर्षांत. त्यापुढे येणे खरे असूनही कोर्टाचे दार बंद होते. परंतु मुदत संपण्यापूर्वी ऋणकोने 'इतके देणे आहे' असे लिहून सही केली, तर तेथून नवी तीन वर्षे सुरू होतात. लेखी नोंद करून त्याने थोडी रक्कम भरली तरी तसेच. म्हणून दर पाडव्यास, ज्या वहीची पूजा आपण करतो त्याच वहीत, प्रत्येक मोठ्या उधारवाल्याची बाकीवर सही घेण्याची रीत घालावी. सणाच्या दिवशी पेढा पुढे करून सही मागितली, तर रागावणारे थोडेच निघतील. नुसत्या आपल्या वहीवर भिस्त ठेवून भागत नाही. नियमित ठेवलेल्या हिशेबाच्या नोंदी पुराव्यात येतात, पण केवळ त्यांवरून कोणावर देणे लादता येत नाही, हा १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यातील नियम १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही कायम आहे. म्हणून वहीच्या जोडीस पावती, माल पोचल्याची सही किंवा बँकेतील नोंद असावी.

जो माल स्वतः तयार करून मोठ्या कारखान्यांस पुरवितो, त्याची स्थिती याहून बिकट. मोठा खरेदीदार चार-चार महिने पैसे देत नाही, आणि लहान कारखानदार पुढील काम जाईल या भीतीने मागत नाही. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या कायद्याने सूक्ष्म व लघु उत्पादकांस येथे चांगले शस्त्र दिले आहे. लेखी करार असला तरी पंचेचाळीस दिवसांपलीकडे पैसे थकविता येत नाहीत. करार नसल्यास मुदत पंधराच दिवसांची. आणि थकविल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने, व्याज लागते. त्यासाठी उद्योगाची 'उद्यम' नोंदणी आधी करून ठेवावी. ती सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य होते. तिच्यासाठी पैसे उकळणारे दलाल गावोगाव बसलेले आहेत, त्यांस एक छदामही देऊ नये.

स्वदेशीचा विषय या पत्रास नवा नाही. पुण्याचे वकील गणेश वासुदेव जोशी, ज्यांस लोक सार्वजनिक काका म्हणत, यांनी गेल्या शतकाच्या मागल्या शतकात देशी मालाची दुकाने काढविली व स्वतः खादी नेसून ते १८७७ च्या दिल्ली दरबारास गेले. तळेगावास पैसा फंडाचा काच कारखाना १९०८ साली लोकांच्या पै-पैशावर उभा राहिला. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलींच्या दुकानापासून आरंभ केला. पुढे लोखंडाने जमीन विटाळते असे मानणाऱ्या शेतकऱ्यांस त्यांनी लोखंडी नांगर विकून दाखविला. या थोरांच्या जयंत्या आम्ही साजऱ्या करतो. पण 'आपला माणूस आहे' म्हणून गिऱ्हाइकाने एकदा माल घेतला, आणि माल वेळेवर मिळाला नाही किंवा वजनात कमी भरला, तर दुसऱ्यांदा त्यास देशाभिमान आठवत नाही, व का आठवावा? दुकानाच्या वेळा पाळणे, माल परत घेताना तोंड वाकडे न करणे, दुपारी एक ते चार दार लावून न निजणे, यांत स्वदेशीची जेवढी सेवा आहे तेवढी व्यासपीठावरील भाषणांत नाही, असे एक भाषण करणारे म्हणूनच आम्ही लिहितो.

वर ज्या बाईंचे प्रकरण सांगितले त्यांनी यंत्र घरी आणून पडवीत मांडले आहे. मागील महिन्यात त्या आपल्या धाकट्या जावेस घेऊन पुन्हा आमच्याकडे आल्या. दोघींनी भागीदारीत मसाले करावयाचे योजिले आहे. जाऊबाई म्हणत होत्या, "घरच्या घरी कागद कशाला?" बाई काही बोलल्या नाहीत, त्यांनी पिशवीतून एक वही काढून आमच्यापुढे ठेवली. पहिल्या पानावर 'श्री', त्याखाली दोघींची नावे, प्रत्येकीने घातलेली रक्कम, आणि भाजणीच्या कामाबद्दल दर किलोस ठरविलेली मजुरी. त्यावरून दस्ताचा मसुदा आम्ही केला व नेहमीची फी घेतली. जाताना बाईंनी तिची पावती मागून घेतली.