गावसभेतील चित्रप्रक्षेपक : मांडणी व सुरक्षित वापर

मृग नक्षत्र जवळ आले की लातूर जिल्ह्यातील मुरुड भागात सोयाबीनच्या पेरणीची लगबग सुरू होते. बियाण्याची उगवणशक्ती घरच्या घरी कशी तपासावी, बीजप्रक्रिया कोणत्या क्रमाने करावी, किती पाऊस झाल्यावर तिफण धरावी, हे प्रश्न या दिवसांत प्रत्येक शेतकऱ्यापुढे उभे असतात. त्यांची उत्तरे छापील पत्रकांत असतात व सभेतही सांगितली जातात. परंतु ओल्या गोणपाटावर शंभर दाणे मांडून त्याची गुंडाळी करताना डोळ्यांनी पाहिले म्हणजे जे समजते, ते नुसते ऐकून तितके समजत नाही. प्रत्येक वाडी-वस्तीवर ऐन वेळी प्रात्यक्षिक घेणे शक्य होत नाही. अशा वेळी हातात धरून नेता येण्याजोगा चित्रप्रक्षेपक, म्हणजे आपण ज्याला प्रोजेक्टर म्हणतो ते यंत्र, फार उपयोगी पडते.

हे साधन आता पुष्कळ ग्रामपंचायतींत, शाळांत व शेतकरी गटांकडे आलेले दिसते. मात्र ते कसे मांडावे व कसे सांभाळावे, याची माहिती यंत्राबरोबर आलेल्या पुस्तिकेत अडकून राहते. म्हणून ती येथे क्रमाने देत आहोत.

जुनी परंपरा

पडद्यावर चित्र पाडून लोकांना काही दाखविण्याची कला महाराष्ट्राला नवी नाही. कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ साली 'शांबरिक खरोलिका' या नावाने काचेवरील रंगीत चित्रांचे दिव्याच्या साहाय्याने प्रयोग सुरू केले. मुंबईत ल्युमिए बंधूंची चलच्चित्रे १८९६ च्या जुलैत आली. त्याच्या चार वर्षे आधीची ही गोष्ट होय. स्वातंत्र्यानंतर १९४८ साली फिल्म्स डिव्हिजनची स्थापना झाली व १९५२ पासून समुदाय विकास योजना सुरू झाली. त्या काळात खेड्यापाड्यांत १६ मिलिमीटर फितीची यंत्रे गाडीत घालून नेली जात. त्यांना वाहन लागे, जनित्र लागे आणि फीत लावणारा जाणता माणूसही लागे. आज तेच काम दोन-चार किलो वजनाचे यंत्र करते.

अलीकडचा एक अनुभव ध्यानी ठेवण्यासारखा आहे. बंगळूर येथे २००६ साली सुरू झालेल्या 'डिजिटल ग्रीन' या उपक्रमात बॅटरीवर चालणारे लहान प्रक्षेपक गावोगाव वापरले गेले. त्याचे दोन विशेष होते. एक, पडद्यावर दिसणारा शेतकरी त्याच भागातला असे. दोन, चित्रफीत चालू करून कोणी निघून जात नसे. गावातलाच एक जाणता माणूस ती मध्येच थांबवून प्रश्न विचारी व चर्चा घडवी. यंत्राच्या किमतीपेक्षा या दोन गोष्टींचे मोल अधिक आहे.

प्रकाश आणि चित्राचा आकार

प्रक्षेपकाचा प्रकाश 'ल्युमेन' या मापाने मोजतात. खरेदी करताना डब्यावर मोठ्या अक्षरात छापलेल्या आकड्यावर विसंबू नये. 'अँसी ल्युमेन' किती, हे विचारावे. रात्रीच्या पूर्ण अंधारात सहा फूट रुंदीच्या चित्राला ३०० अँसी ल्युमेनचे लहान यंत्रही पुरते. दिवसा, शाळेच्या खिडक्या झाकलेल्या खोलीत मात्र २,००० ते ३,००० ल्युमेन असावेत. भर उन्हात उघड्यावर कोणत्याही हलक्या यंत्राचे चित्र दिसत नाही. तो खटाटोप करू नये.

चित्र जितके मोठे तितके चांगले, ही समजूत बरोबर नाही. सहा फूट रुंदीचे चित्र बारा फूट केले, तर तोच प्रकाश चौपट जागेवर पसरतो आणि चित्र चौथ्या हिश्शाने उजळ राहते. कीड ओळखण्यासाठी ठळक चित्र हवे. तेथे सहा फुटांचे उजळ चित्र बारा फुटांच्या फिकट चित्राहून केव्हाही बरे. शेवटची रांग चित्राच्या रुंदीच्या चौपटीहून दूर असू नये. म्हणजे सहा फुटी चित्रासाठी २४ फुटांच्या आत सर्वजण बसावेत. लोक अधिक असतील तर कार्यक्रम दोनदा करावा.

यंत्र पडद्यापासून किती अंतरावर ठेवावे, यासाठी पुस्तिकेत 'थ्रो रेशो' हा आकडा दिलेला असतो. चित्राच्या रुंदीला त्या आकड्याने गुणावे. आकडा दीड असेल, तर सहा फुटी चित्रासाठी यंत्र नऊ फुटांवर येते. हे अंतर आधी मोजून खडूने खूण केली की लोक जमल्यावर धावपळ होत नाही.

यंत्र मजबूत व न डगमगणाऱ्या टेबलावर, पडद्याच्या समोर सरळ रेषेत ठेवावे. ते तिरके ठेवले तर चित्र वर रुंद व खाली अरुंद दिसते. 'कीस्टोन' नावाच्या सोयीने ते सरळ करता येते. परंतु त्यामुळे चित्राची स्पष्टता थोडी घटते. म्हणून प्रथम टेबल सरळ करावे आणि उरलेली दुरुस्तीच यंत्राकडून करून घ्यावी.

पडदा पांढराच हवा

आपल्याकडे घराच्या व देवळाच्या भिंतींना चुन्यात नीळ घालून रंग देण्याची रीत आहे. अशा भिंतीवर चित्र पाडले तर चित्रातील रंग बदलतात. करमणुकीच्या चित्रपटाला यामुळे फारसा फरक पडत नाही. शेतीच्या चित्राला पडतो.

सोयाबीनचेच उदाहरण घ्यावे. पिवळा मोझॅक हा विषाणुजन्य रोग पांढऱ्या माशीमुळे पसरतो. यात पानावर पिवळे व हिरवे चट्टे अनियमितपणे मिसळलेले दिसतात. लोहाची उणीव असेल तर कोवळ्या पानांच्या शिरा हिरव्या राहतात व शिरांमधला भाग एकसारखा पिवळा पडतो. चुनखडीच्या जमिनीत किंवा पाणी साचून राहिल्यावर ही दुसरी स्थिती हमखास दिसते. पहिल्या प्रकारात रोगट झाडे वेळीच उपटून नष्ट करणे व पांढऱ्या माशीचा बंदोबस्त करणे हा मार्ग आहे. दुसऱ्यात कीटकनाशक फवारून काडीचाही उपयोग होत नाही. आमच्या पाहण्यातील एका गावी निळसर भिंतीवर ही दोन्ही चित्रे दाखविण्यात आली. दोन्ही पाने सारखीच हिरवट दिसली आणि 'दोन्हीला एकच औषध' असे म्हणत लोक उठू लागले. तेथल्याच एका शेतकऱ्याने घरून स्वच्छ धोतर आणून भिंतीवर ताणले, तेव्हा भेद स्पष्ट झाला. फवारणीचा खर्च आणि पिकाचे नुकसान ज्यावर अवलंबून आहे, तो फरक एका पांढऱ्या वस्त्राने दाखविला.

म्हणून तयार पडदा नसेल तर जाड पांढरे मांजरपाट वापरावे. त्याला सुरकुती राहू नये, चारही बाजूंनी ताणून बांधावे. मागे काळे कापड लावल्यास प्रकाश आरपार जात नाही. उघड्यावर वाऱ्याने पडदा शिडासारखा फुगतो. तेव्हा तो भिंतीच्या आडोशालाच बांधावा. चित्राबरोबर खऱ्या रोगट पानांचा नमुनाही हाती द्यावा, म्हणजे रंगाविषयी शंका राहत नाही.

विजेची जोडणी

या साधनाचा सर्वांत मोठा धोका यंत्रात नसून त्याला वीज पुरविणाऱ्या वायरीत असतो. आपल्या घरातील वीज २३० व्होल्टची असते व ती प्राणघातक ठरू शकते. पुढील नियम कसोशीने पाळावेत.

१. तारेवर आकडा टाकून वीज घेऊ नये. ते बेकायदेशीर तर आहेच, पण त्या जोडणीला फ्यूज वा आर्थिंगचे संरक्षण नसते.

२. यंत्राची पिन तीन खुंट्यांची असेल तर तिसरी खुंटी मोडू नये वा दोन पिनी जोड वापरू नये. ती आर्थिंगची आहे. बिघाड झाल्यास वीज माणसाऐवजी जमिनीत जाण्याची वाट तीच होय.

३. सभागृहाच्या मुख्य बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा गळतीरोधक स्विच, ज्याला वायरमन आरसीसीबी म्हणतात, तो परवानाधारक वायरमनकडून बसवून घ्यावा.

४. जोडवायर तीन तारांची व अखंड असावी. उघडे जोड, चिकटपट्टी लावलेले जोड चालणार नाहीत. वायर लोखंडी खांबाला किंवा पत्र्याला बांधू नये.

५. गुंडाळीची वायर पूर्ण उलगडूनच वापरावी. गुंडाळलेल्या वायरीत उष्णता साचून आवरण वितळू शकते.

६. वायर लोकांच्या पायांत येऊ देऊ नये. ती भिंतीच्या कडेने न्यावी. ओल्या हातांनी किंवा ओल्या जमिनीवर अनवाणी उभे राहून पिन लावू नये.

कोणाला विजेचा धक्का बसून तो चिकटून राहिला तर त्याला हात लावू नये. प्रथम मुख्य स्विच बंद करावा. ते शक्य नसल्यास कोरड्या लाकडी काठीने वायर दूर करावी. श्वास थांबला असेल तर छातीदाब देणे सुरू करून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. कार्यक्रमापूर्वी मुख्य स्विच कोठे आहे, हे दोघांना तरी दाखवून ठेवावे.

वीज जाण्याचा संभव असल्यास इन्व्हर्टर ठेवावा. २५० वॅटचा प्रक्षेपक व ५० वॅटचा ध्वनिक्षेपक मिळून ३०० वॅट होतात. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांची चांगली बॅटरी असल्यास तीन तासांच्या आसपास काम चालते. जनित्र वापरायचे तर आधी जनित्र सुरू करून ते स्थिर होऊ द्यावे, मग प्रक्षेपक लावावा. बंद करताना आधी प्रक्षेपक, मग जनित्र. जनित्र बंद खोलीत कधीही ठेवू नये. त्याचा धूर विषारी असतो.

मृगाच्या आधी मराठवाड्यात वादळी पाऊस व विजा होतात. उघड्यावरचा कार्यक्रम ठरविण्यापूर्वी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने तयार केलेले 'दामिनी' हे मोबाइल अॅप पाहावे. गडगडाट ऐकू आला की कार्यक्रम थांबवून लोकांना पक्क्या इमारतीत न्यावे. झाडाखाली पडदा बांधू नये.

उष्णता, धूळ व दिवा

प्रक्षेपकाच्या आत हवा खेळविणारा पंखा असतो. यंत्राच्या सर्व बाजूंना फूटभर जागा मोकळी ठेवावी. गादी, सतरंजी वा चादरीवर ते ठेवल्यास खालचे छिद्र बंद होऊन यंत्र तापते. बहुतेक यंत्रे ३५ ते ४० अंश सेल्सियसपर्यंतच नीट चालतात. आपला उन्हाळा त्याहून कडक असतो. म्हणून कार्यक्रम दिवस मावळल्यावर घ्यावा व यंत्र उन्हातल्या गाडीत ठेवू नये. काळ्या रानाची बारीक धूळ जाळीत लवकर बसते. जाळी वरचेवर मऊ ब्रशने साफ करावी. भिंग धोतराच्या सोग्याने पुसू नये. चष्म्यासाठी मिळणारे मऊ कापडच वापरावे.

दिव्याचे मुख्यतः दोन प्रकार प्रचलित आहेत. एलईडी दिवा पुष्कळ वर्षे टिकतो. जुन्या पद्धतीच्या दिव्यात पारा असतो व तो काही हजार तासांनी बदलावा लागतो. अशा यंत्राची पिन एकदम ओढू नये. बटणाने बंद करून पंखा आपोआप थांबेपर्यंत वाट पाहावी. मध्येच वीज गेली तर काही मिनिटे थंड होऊ देऊनच पुन्हा सुरू करावे. पाऱ्याचा दिवा फुटल्यास लोकांना बाहेर काढावे, दारे-खिडक्या उघडाव्यात आणि काचा उघड्या हाताने उचलू नयेत. जुना दिवा उकिरड्यावर न टाकता इ-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडे द्यावा.

भिंगात रोखून पाहू नये. मुलांना हा प्रकाश पाहण्याचे कुतूहल असते; म्हणून यंत्राभोवती दोरी बांधावी आणि बोलणाऱ्याने पडद्याच्या बाजूला उभे राहावे.

कार्यक्रम कसा चालवावा

चित्रफीत आधीच मोबाइलमध्ये किंवा पेनड्राइव्हमध्ये उतरवून ठेवावी. गावातील इंटरनेटवर भरवसा ठेवू नये. प्रत्येक मोबाइल वायरीने प्रक्षेपकाला जोडता येतोच असे नाही, म्हणून आदल्या दिवशी जोडून पाहावे. यंत्रातील आवाज लहान असतो. ध्वनिक्षेपक वेगळा घेऊन तो पडद्याजवळ ठेवावा. महिलांना सोयीची वेळ त्यांनाच विचारून ठरवावी. बियाणे निवडणे, साठविणे व बीजप्रक्रिया ही कामे पुष्कळ घरी त्याच पाहतात.

एका बैठकीत एकच विषय घ्यावा. पाच मिनिटांची फीत, नंतर दहा मिनिटांची चर्चा, हा क्रम बरा. बीजप्रक्रियेची फीत असेल तर आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक आणि पेरणीच्या अगदी आधी सावलीत जिवाणू संवर्धक, येथे चित्र थांबवून हा क्रम श्रोत्यांकडून वदवून घ्यावा. पेरणीची फीत असेल तर ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होईपर्यंत चाड्यावर मूठ धरू नये, हे गावच्या पर्जन्यमापकातील आकडा सांगून पटवावे.

कार्यक्रमाचे यश टाळ्यांवर वा गर्दीवर मोजता येत नाही. पडद्यावरचे चित्र तासाभरात मावळते. दुसऱ्या दिवशी गावातील किती घरी ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळले गेले, आणि त्यांपैकी सत्तर उगवले की पन्नास, हे मोजून वहीत लिहावे. सत्तरच्या खाली आकडा आला तर बियाणे बदलण्यास किंवा प्रमाण वाढविण्यास अजून अवधी असतो. पेरणी झाल्यावर तो राहत नाही. तो अवधी शेतकऱ्याच्या हाती यावा, एवढ्यासाठीच हा सारा खटाटोप करावयाचा.