सेटॉकेटची सराई आणि जनरल वॉशिंग्टनचे हेर

हेरगिरी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर वेषांतर, चोरवाटा आणि मध्यरात्रीच्या भेटीगाठी येतात. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात मात्र एका महत्त्वाच्या हेरसाखळीचा मोठा आधार होती ती एक साधी सराई. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंड बेटावर सेटॉकेट नावाचं गाव आहे. तिथे ऑस्टिन रो नावाचा गृहस्थ ही सराई चालवत असे.

त्या काळच्या अमेरिकी वसाहतींत अशा जागेला 'टॅव्हर्न' म्हणत. टॅव्हर्न म्हणजे नुसता दारूचा गुत्ता नव्हे. प्रवाशाला तिथे जेवण आणि बिछाना मिळे, घोड्याला दाणावैरण मिळे. गावची पत्रं तिथेच येत, वर्तमानपत्रं तिथेच वाचली जात आणि गावच्या बैठकाही तिथेच भरत. थोडक्यात सांगायचं, तर आपल्याकडची धर्मशाळा, खाणावळ आणि चावडी एकाच छपराखाली आली, तर जे होईल ते म्हणजे टॅव्हर्न. तिथे अनोळखी माणूस आला तरी कुणाच्या भुवया उंचावत नसत.

आता त्या वेळची परिस्थिती पाहू. १७७६ च्या ऑगस्टमध्ये लाँग आयलंड आणि सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्क शहर ब्रिटिशांच्या हाती गेलं. शत्रूच्या हालचाली कळाव्यात म्हणून वॉशिंग्टनच्या सैन्यातला नॅथन हेल हा एकवीस वर्षांचा अधिकारी हेर म्हणून एकटाच तिकडे गेला. तो पकडला गेला आणि २२ सप्टेंबर १७७६ रोजी ब्रिटिशांनी त्याला फाशी दिलं. या प्रसंगातून एक गोष्ट स्पष्ट झाली. बाहेरून घुसवलेला माणूस तग धरत नाही. हेर हवा तो तिथलाच, रोजच्या व्यवहारातला.

हेलचा मित्र बेंजामिन टॅलमेज हा मूळचा सेटॉकेटचा. १७७८ मध्ये वॉशिंग्टनसाठी त्याने आपल्या गावच्या ओळखीतूनच साखळी उभी केली. शेतकरी अब्राहम वुडहल हा 'सॅम्युएल कल्पर' झाला. पुढे शहरातला व्यापारी रॉबर्ट टाउनसेंड 'कल्पर ज्युनियर' या नावाने बातम्या देऊ लागला. केलेब ब्रूस्टर हा दर्यावर्दी आपल्या होडीतून खाडी ओलांडून ती पत्रं पलीकडच्या कनेक्टिकटला पोचवी.

आता अडचण होती मधल्या टप्प्याची. न्यूयॉर्क ते सेटॉकेट हे अंतर सुमारे ५५ मैल. वाटेत ब्रिटिशांची नाकी, झडत्या आणि परवाने. बातमी मिळवणं एकवेळ सोपं, पण ती हलवायची कशी? शेतकरी सारखा शहरात जाऊ लागला, तर त्याला कारण विचारलं जाणारच. वुडहल बहिणीला भेटायला जातो असं सांगे. पण बहिणीकडे माणूस जाऊन जाऊन किती वेळा जाणार?

सराईवाल्याची गोष्ट निराळी. त्याला माल लागतोच. पिंप संपतं, साखर संपते, कागद संपतो. घोड्यावर बसून तो शहरात जातो, सामान घेतो आणि परत येतो. ऑस्टिन रो याचा धंदा हाच त्याचा परवाना ठरला.

बरं, पत्रं पकडली गेली तरी ती वाचता येऊ नयेत अशी तजवीज होती. जेम्स जे यांनी तयार केलेली एक अदृश्य शाई वापरली जाई; तिच्यावर दुसरं द्रावण फिरवलं की मगच अक्षरं उमटत. शिवाय टॅलमेजने ७६३ आकड्यांचा एक सांकेतिक कोश बनवला होता. त्यात वॉशिंग्टन म्हणजे ७११, न्यूयॉर्क म्हणजे ७२७, आणि आपला सराईवाला रो म्हणजे ७२४!

या साखळीची कसोटी लागली १७८० च्या जुलैमध्ये. अमेरिकनांच्या मदतीला फ्रेंच सैन्य ऱ्होड आयलंडमधल्या न्यूपोर्टला उतरलं. ते स्थिरस्थावर होण्याआधीच त्यावर हल्ला करायचा, अशी तयारी ब्रिटिश सेनापती क्लिंटनने चालवली. ही खबर घेऊन रो शहरातून सेटॉकेटला आला. तिथून ती ब्रूस्टरकडे गेली आणि २१ जुलैला वॉशिंग्टनच्या मुख्यालयात पोचली. वॉशिंग्टन तेव्हा जागेवर नव्हता. त्याचा सहायक अलेक्झांडर हॅमिल्टन याने फ्रेंचांना सावध करण्यासाठी त्याच दिवशी लाफायेतला पत्र धाडलं. जुलैअखेर क्लिंटनने ती मोहीम सोडून दिली. याचं सगळं श्रेय हेरांना देता येणार नाही. वॉशिंग्टनने न्यूयॉर्कच्या दिशेने केलेली हालचाल आणि ब्रिटिश सेनापती व आरमारप्रमुख यांच्यातली धुसफूस हीही त्याची कारणं होती. पण इशारा वेळेत पोचला, हे खरं.

या कामाची किंमत काय होती, तेही लक्षात घ्यायला हवं. १७७९ मध्ये ब्रिटिशांच्या बाजूची एक पलटण वुडहलच्या शोधात सेटॉकेटला आली. तो सापडला नाही, तेव्हा त्याच्या म्हाताऱ्या वडिलांना मारहाण झाली. रो तर दर खेपेला गळ्यात फास अडकवूनच निघत होता. तरीही या मुख्य मंडळींपैकी कुणीही हेर म्हणून पकडला गेला नाही. कारण कुणीही आपला रोजचा धंदा सोडला नव्हता.

१७८३ मध्ये ब्रिटिश न्यूयॉर्क सोडून गेले. त्यानंतरही ही माणसं गप्पच राहिली. टाउनसेंड १८३८ मध्ये वारला. 'कल्पर ज्युनियर' म्हणजे तोच, हे १९३० च्या सुमारास हस्ताक्षरं ताडून पाहिल्यावर इतिहास-अभ्यासकाला उमगलं.

१७९० च्या एप्रिलमध्ये राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन लाँग आयलंडच्या दौऱ्यावर आले आणि रो यांच्या सराईत एक रात्र मुक्कामाला राहिले. घर बऱ्यापैकी आहे आणि माणसं अगत्यशील आहेत, एवढीच नोंद त्यांनी रोजनिशीत केली. हेरगिरीबद्दल एक अक्षरही नाही. गुपित राखण्याची सवय यजमानांना होती, तशी पाहुण्यांनाही होती.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)