काट्यावर न चढलेली मुलगी आणि नागपूरची अल्फिया



गेल्या वर्षी आमच्या वर्गात आरोग्य तपासणी होती. उंची, वजन घेणं चाललं होतं. एका मुलीची पाळी आली तेव्हा मागून कोणीतरी ओरडलं, "बाई, काटा मोडेल!" सगळे हसले. ती मुलगी काट्यावर चढलीच नाही. दुसऱ्या दिवशी परिपाठात मी मुलांना अल्फिया पठाणची गोष्ट सांगितली. तीच आज इथे देते.

अल्फिया नागपूरची. वडील पोलीस दलात. तिचा खेळ मुष्टियुद्ध, म्हणजे आपलं बॉक्सिंग. २०१९ मध्ये ती आशियाई ज्युनियर विजेती झाली. एप्रिल २०२१ मध्ये पोलंडमधल्या किएल्त्से इथे युवा जागतिक स्पर्धा झाली. ८१ किलोंवरील गटाच्या अंतिम लढतीत तिने मोल्डोव्हाच्या दारिया कोझोरेझला ५-० असं हरवलं. त्या स्पर्धेत भारताच्या मुलींनी एकूण ७ सुवर्णपदकं आणली, त्यातलं एक आपल्या महाराष्ट्राचं!

"बाई, ५-० म्हणजे पाच ठोसे का?" मुलांनी लगेच विचारलं. तर नाही. हौशी बॉक्सिंगमध्ये ३ मिनिटांच्या ३ फेऱ्या असतात, मध्ये १ मिनिट विश्रांती. रिंगभोवती ५ पंच बसतात. प्रत्येक फेरीत सरस खेळणाऱ्याला १० गुण, दुसऱ्याला ९ किंवा त्याहून कमी. शेवटी प्रत्येक पंचाच्या बेरजेत कोण पुढे ते पाहतात. पाचही पंचांनी एकीलाच विजयी ठरवलं, तर निकाल ५-०. नुसती ताकद नाही, नेमका ठोसा, बचाव, पायांची हालचाल हे सगळं पाहिलं जातं. (गणिताच्या तासाला बेरजेसाठी हे उदाहरण छान चालतं.)

आता वजनाचं. या खेळात वजन गट असतात, म्हणजे साधारण सारख्या वजनाचे खेळाडू एकमेकांशी लढतात. लढतीआधी काट्यावर उभं राहावंच लागतं. पण तिथे काटा कोणाला हसत नाही. तो फक्त सांगतो, "तुझी जागा या गटात."

युवा गटातून मोठ्यांच्या गटात जाताना बरेच खेळाडू मागे पडतात, कारण समोर अनुभवी लोक असतात. अल्फियाने मात्र २०२२ मध्ये कझाकस्तानच्या एलोर्डा कप स्पर्धेत २०१६ ची जागतिक विजेती लज्जत कुंगेइबायेवा हिला हरवून सुवर्ण घेतलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जॉर्डनमध्ये, अम्मानला, आशियाई स्पर्धेतही सुवर्ण मिळवलं. अंतिम लढतीत यजमान देशाची प्रतिस्पर्धी अपात्र ठरली होती.

मग ही ऑलिंपिकमध्ये का दिसली नाही? इथे खरी गोम आहे. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये महिलांचा सर्वांत वरचा गट होता ७५ किलोंचा. ८१ किलोंवरचा गटच नव्हता! म्हणजे आशियाची विजेती असूनही तिच्या गटासाठी तिथे दारच नव्हतं. पुरुषांना मात्र ९२ किलोंवरचा गट होता. हे ऐकून वर्ग एकदम गप्प झाला. एक मुलगा हळूच म्हणाला, "मग हे बरोबर नाही ना, बाई?" मी उत्तर दिलं नाही. तो प्रश्न त्यांच्यापाशीच राहू दे असं वाटलं.

पालकांना एकच सांगणं. वजनाची काळजी वाटली तर डॉक्टरांना जरूर विचारा, पण चारचौघांत टोमणा मारू नका. गोळाफेक, कुस्ती, ज्यूदो, बॉक्सिंग... दणकट शरीराचं चीज होणारे खेळ पुष्कळ आहेत. मूल मैदानावर टिकलं पाहिजे.

आणि शिक्षक मित्रांनो, वजन घेताना मुलांना एकेक करून आत बोलवा, आकडा मोठ्याने वाचू नका. आम्ही आता तसंच करतो. पुढच्या तपासणीला ती मुलगी आपणहून काट्यावर चढली आणि मला विचारलं, "बाई, मी कुठल्या गटात?"