ब्रेक ऑईल : ओळख, तपासणी आणि निगा



टायरमधली हवा, इंजिन ऑईल, काच पुसायचं पाणी या गोष्टी आपण आठवणीने बघतो. पण "ब्रेक ऑईल शेवटचं कधी बदललं?" असं विचारलं, की बरेचजण गॅरेजवाल्याकडे बोट दाखवतात. खरं तर ते तपासणं हे दोन मिनिटांचं काम आहे आणि त्यामागचं विज्ञान तुम्ही शाळेत शिकलेलं आहे. आज तेच समजून घेऊया.

ब्रेक ऑईल काम कसं करतं?

नावात 'ऑईल' असलं तरी हे तेल नव्हे. बहुतेक गाड्यांमध्ये तो ग्लायकॉल प्रकारच्या रसायनांचा द्रव असतो. सतराव्या शतकातले फ्रेंच शास्त्रज्ञ ब्लेझ पास्कल यांचा नियम आठवा : बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो. तुम्ही पेडल दाबता, तेव्हा मास्टर सिलिंडरमधला दट्ट्या द्रवावर दाब देतो. तो दाब नळ्यांमधून चाकापर्यंत जातो आणि ब्रेक पॅड डिस्कवर घट्ट बसतात. चाकाजवळच्या दट्ट्याचं क्षेत्रफळ पाचपट असेल, तर बलही पाचपट मिळतं.

हे सगळं एकाच गोष्टीवर अवलंबून आहे. द्रव दाबला तरी आकसत नाही. वायू मात्र आकसतो.

मग अडचण कुठे येते?

ब्रेक ऑईल हवेतली आर्द्रता शोषून घेतं. रबरी होजमधून, टाकीच्या झाकणातून थोडं थोडं पाणी आत जात राहतं. कोकणासारख्या दमट हवेत तर याकडे जास्तच लक्ष द्यायला हवं. पाणी मिसळलं की द्रवाचा उत्कलनबिंदू खाली येतो. मानकानुसार किमान आकडे असे आहेत :

- डॉट ३ : नवीन असताना २०५ अंश सेल्सिअस, सुमारे ३.७ टक्के पाणी मिसळल्यावर १४० अंश
- डॉट ४ : नवीन असताना २३० अंश, पाणी मिसळल्यावर १५५ अंश

आता आंबोली किंवा कुंभार्ली घाट उतरताना सतत ब्रेकवर पाय ठेवला तर काय होईल? घर्षणाने डिस्क तापते, ती उष्णता द्रवापर्यंत पोहोचते आणि जुनं, पाणी धरलेलं ऑईल उकळून वाफेचे बुडबुडे तयार होतात. वाफ आकसते, त्यामुळे पेडल खाली जातं पण गाडी थांबत नाही. यालाच 'व्हेपर लॉक' म्हणतात. गंमत म्हणजे थोड्या वेळाने सगळं थंड झालं, की वाफेचं पुन्हा पाणी होतं आणि ब्रेक परत लागू लागतात. "आता ठीक आहे" म्हणून माणूस पुढे निघतो, आणि धोका तसाच राहतो.

तपासणी कशी करावी?

१. गाडी सपाट जागेवर उभी करा, इंजिन बंद करा, बॉनेट उघडा.
२. मास्टर सिलिंडरवर पांढरट, अर्धपारदर्शक प्लास्टिकची छोटी टाकी असते. सापडली नाही तर गाडीचं मॅन्युअल बघा.
३. पातळी 'मॅक्स' आणि 'मिन' या खुणांच्या मध्ये हवी. झाकण न उघडता बाहेरूनच दिसते.
४. नवीन ऑईल फिकट पिवळसर असतं. काळपट झालं असेल तर बदलायची वेळ आली समजा. पण रंग चांगला आहे म्हणून पाणी नाही, असं मात्र समजू नका. पाण्याचं प्रमाण गॅरेजमध्ये टेस्टरने कळतं.

पातळी कमी झाली तर?

पॅड झिजतात तशी पातळी हळूहळू उतरते, हे स्वाभाविक आहे. म्हणून आधी पॅड तपासा. झिजलेल्या पॅडवर टाकी काठोकाठ भरली, तर नवे पॅड बसवताना ऑईल बाहेर सांडतं. पातळी अचानक उतरली, पेडल स्पंजासारखं लागलं किंवा हँडब्रेक सोडूनही डॅशबोर्डवरचा लाल दिवा गेला नाही, तर गळती असू शकते. अशा वेळी ऑईल भरून गाडी दामटू नका, मेकॅनिकला बोलवा.

हे लक्षात ठेवा

- झाकणावर लिहिलेल्या ग्रेडचंच ऑईल वापरा. इंजिन ऑईल चुकूनही टाकू नका, त्याने रबरी सील फुगून खराब होतात.
- झाकण उघडण्याआधी आजूबाजूची धूळ पुसा.
- महिनोन्‌महिने उघडी पडलेली बाटली वापरू नका. त्यात आधीच ओलावा शिरलेला असतो.
- ऑईल रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, नाहीतर रंग निघतो. डोळ्यांना आणि त्वचेलाही जपा.
- बऱ्याच गाड्यांना साधारण दोन वर्षांनी ऑईल बदलायला सांगतात. नेमकी मुदत मॅन्युअलमध्ये असते. बदलताना नळ्यांतली हवा पूर्ण काढावी लागते, म्हणून ते काम जाणकाराकडूनच करून घ्या.
- घाट उतरताना खालचा गिअर ठेवा. ब्रेक लागेनासे झाले तर पेडल भराभर दाबा-सोडा, गिअर उतरवा, हँडब्रेक हळूहळू ओढा. इंजिन बंद करू नका.

करून पाहा

सुई नसलेल्या दोन सिरिंज घ्या, एक लहान आणि एक मोठी. पाणी भरून प्लास्टिकच्या नळीने जोडा. लहान सिरिंज दाबा आणि मोठीचा दट्ट्या बोटाने अडवून बघा. मग नळीत थोडी हवा सोडून तेच करा. हाताला जो फरक जाणवेल, तोच ड्रायव्हरच्या पायाला जाणवतो.

मग आज घरी गेल्यावर बाबांना किंवा आईला बॉनेट उघडायला सांगा, आणि पातळी स्वतः बघून त्यांना सांगा.