सफरचंदावरील माशी आणि नव्या जातींचा उगम

एका जातीपासून दुसरी जाती कशी निर्माण होते, हा जीवशास्त्रातील मूलभूत प्रश्न होय. डार्विनच्या १८५९ मधील ग्रंथाच्या नावातच ‘जातींचा उगम’ हे शब्द आहेत. तथापि एकच जीवसमूह दुभंगून त्याचे दोन समूह कोणत्या क्रमाने होतात, याचे पुरते उत्तर त्या ग्रंथात मिळत नाही. तसे ते मिळणे शक्यही नव्हते. कारण आनुवंशिकतेचे नियम त्या वेळी शास्त्रज्ञांना अवगत नव्हते. विसाव्या शतकात या प्रश्नाला नवे रूप आले. ज्या जीवांमध्ये निसर्गतः परस्पर प्रजनन होऊन जनुकांची देवघेव चालू राहते, त्यांचा समूह म्हणजे जाती, ही व्याख्या बहुमान्य झाली. साहजिकच प्रश्न असा उरला, की ही देवघेव खंडित होते ती कशामुळे?

अर्न्स्ट मायर यांनी १९४२ मध्ये आणि पुन्हा १९६३ मध्ये या प्रश्नाचे जे उत्तर मांडले ते सरळ होते. पर्वत, समुद्र किंवा वाळवंट आड आल्यामुळे एका समूहाचे दोन भाग अलग पडतात. प्रत्येक भागात निरनिराळे जनुकीय बदल साचत जातात. आणि कालांतराने ते भाग पुन्हा एकत्र आले तरी त्यांच्यात यशस्वी संकर होऊ शकत नाही. एकाच प्रदेशात राहणाऱ्या समूहाचे असे विभाजन होणे मायर यांना जवळजवळ अशक्य वाटत होते. त्यांचा आक्षेप बिनतोड होता. समजा, एका समूहातील काही कीटकांना नव्या वनस्पतीवर जगण्यास उपयुक्त अशी पाचसहा जनुके लाभली. तरी इतरांशी होणाऱ्या संकरामुळे पुढच्याच काही पिढ्यांत ती जनुके एकमेकांपासून विखुरली जाणार. मग नवा समूह टिकावा कसा?

या आक्षेपाची कसोटी पाहणारे उत्तम उदाहरण एका लहानशा फळमाशीने पुरविले आहे. ऱ्हॅगोलेटिस पोमोनेला हे तिचे शास्त्रीय नाव. उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागात ती मूळची हॉथॉर्न या काटेरी झाडाच्या लहान, लाल फळांवर उपजीविका करणारी. सफरचंद हे त्या खंडातील फळ नव्हे. युरोपीय वसाहतवाल्यांनी ते सतराव्या शतकात तेथे नेले. त्यानंतर सुमारे दोनशे वर्षांनी, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, हडसन नदीच्या खोऱ्यातील सफरचंदांत या माशीच्या अळ्या आढळू लागल्या. इलिनॉय राज्याचे कीटकशास्त्रज्ञ बेंजामिन वॉल्श यांनी १८६७ मध्ये या माशीचे वर्णन प्रसिद्ध केले. कीटकाने आश्रयवृक्ष बदलला की त्यातूनच नवी जाती उद्भवू शकेल, असा तर्क त्यांनी १८६४ पासूनच मांडला होता. पुढे सुमारे शतकभर तो तर्कच राहिला. १९६० च्या दशकात गाय बुश यांनी या माश्यांचा सविस्तर अभ्यास करून त्याला पुन्हा चालना दिली.

या माशीचे जीवनचक्र ध्यानात घेतल्याखेरीज पुढील विवेचन उलगडणार नाही. मादी फळाच्या सालीखाली अंडी घालते. अळी गरावर वाढते, फळ गळून पडले की जमिनीत शिरते आणि तेथे कोशावस्थेत हिवाळा काढते. पुढील उन्हाळ्यात कोशातून माशी बाहेर पडते. वर्षाकाठी साधारणतः एकच पिढी होते. विशेष महत्त्वाची बाब ही, की नर-मादीचे मीलन आश्रयवृक्षाच्या फळावर किंवा त्याच्या आसपास घडते. म्हणजेच फळाची निवड ही एका अर्थी जोडीदाराचीही निवड ठरते.

सफरचंद हॉथॉर्नच्या फळापेक्षा सुमारे तीन ते चार आठवडे आधी पिकते, आणि माशीचे प्रौढ आयुष्य तर जेमतेम महिनाभराचे. त्यामुळे सफरचंदावरील माश्या लवकर प्रकट होतात, हॉथॉर्नवरील उशिरा. येथे दोन समूहांच्या मध्ये डोंगर नाही, नदी नाही. जे अंतर आहे ते काळाचे आहे. अर्थात हे अंतर संपूर्ण नव्हे. दर पिढीत सुमारे ४ ते ६ टक्के माश्या एका फळावरून दुसऱ्या फळाकडे जातात, असे मोजणीत आढळले आहे.

एवढी सरमिसळ होत असता दोन्ही समूह जनुकीय दृष्ट्या एकरूप व्हावयास हवे होते. परंतु १९८८ मध्ये जेफ्री फेडर, बुश व त्यांचे सहकारी यांनी सहा एंझाइमांच्या जनुकांचे परीक्षण केले, तेव्हा या जनुकांच्या पर्यायी रूपांचे प्रमाण दोन समूहांत भिन्न असल्याचे दिसून आले. ही रूपे दोन्हीकडे सापडतात. भेद आहे तो केवळ प्रमाणाचा. हा भेद टिकून राहण्याचे कारण १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाने स्पष्ट केले. सफरचंदावरील अळी लवकर जमिनीत जात असल्यामुळे तिच्या कोशाला हिवाळ्यापूर्वी अधिक काळ उष्णता सोसावी लागते. अशा वेळी कोशाची सुप्तावस्था गाढ नसेल, तर माशी अकाली बाहेर पडून नष्ट होईल. प्रयोगात हॉथॉर्नवरील माश्यांच्या कोशांना हिवाळ्यापूर्वी अधिक दिवस उष्णतेत ठेवण्यात आले. त्यांतून जे वाचले, त्यांच्यातील जनुकांचे प्रमाण एकाच पिढीत सफरचंदावरील माश्यांच्या प्रमाणाकडे झुकले. स्थलांतराने जे मिसळते, ते नैसर्गिक निवड दरवर्षी पुन्हा वेगळे करते.

याला गंधाची जोड मिळाली आहे. प्रत्येक समूहातील माश्या आपल्याच फळाच्या वासाकडे अधिक आकर्षिल्या जातात, हे २००३ मध्ये दाखविण्यात आले. त्यानंतरच्या प्रयोगांत दोन्ही समूहांच्या संकरापासून झालेल्या बहुसंख्य माश्या नेहमीच्या तीव्रतेच्या कोणत्याच वासाला योग्य प्रतिसाद देईनात. ज्या माशीला फळ सापडत नाही, तिला जोडीदारही सापडणे कठीण. संकराला आळा बसतो तो असा.

आता मायर यांच्या आक्षेपाकडे वळावयास हवे. उपयुक्त जनुके विखुरली का गेली नाहीत? याचे उत्तर गुणसूत्रांच्या रचनेत आहे. काही वेळा गुणसूत्राचा एखादा भाग तुटून उलट दिशेने पुन्हा जोडला जातो. एखाद्या सरातील काही मणी काढून उलट क्रमाने ओवावेत, तसा. सरळ आणि उलट अशी दोन गुणसूत्रे एका जीवात एकत्र आली, तर त्या भागातील जनुकांची अदलाबदल जवळजवळ थांबते आणि तेथील जनुके एकगठ्ठा पुढील पिढीत जातात. पोमोनेलाच्या अनेक गुणसूत्रांत असे भाग असून, १९८८ मध्ये आढळलेले भेद त्यांच्याशी निगडित आहेत.

परंतु याच संशोधनातून एक अनपेक्षित गोष्ट निष्पन्न झाली. हे उलटलेले भाग सफरचंदाच्या आगमनानंतरचे नाहीत. २००३ मधील अनुमानानुसार त्यांचे भेद सुमारे १५ लाख वर्षांपूर्वी, मेक्सिकोच्या उंच पठारावरील माश्या उत्तरेकडील माश्यांपासून अलग पडल्या, त्या काळापर्यंत मागे जातात. पुढे ते उत्तरेकडील समूहांत मिसळले आणि सुप्तावस्थेच्या कालमानातील विविधता त्यांनी आपल्याबरोबर आणली. सफरचंदावर पाय रोवण्यास उपयोगी पडले ते हेच जुने भांडवल.

यावरून वॉल्श आणि मायर यांपैकी एकास सर्वस्वी खरे आणि दुसऱ्यास सर्वस्वी खोटे ठरविता येत नाही, हे उघड होते. दुभंग घडला तो एकाच बागेत, दोन-अडीचशे वर्षांच्या आत. मात्र त्याला लागणारी सामग्री भौगोलिक विलगतेच्या दीर्घ काळात साठली होती. सफरचंदावरील माशी अद्याप स्वतंत्र जाती मानली जात नाही. ती त्या वाटेवर आहे, इतकेच म्हणता येते. तिची निकटची आप्त, ब्लूबेरीच्या फळावरील ऱ्हॅगोलेटिस मेंडॅक्स, दिसण्यात जवळजवळ तशीच असूनही निसर्गात तिच्याशी संकर करीत नाही. ती या वाटेच्या पुढील टप्प्यावर उभी आहे. जाती म्हणजे एका क्षणी पडणारी भिंत नसून हळूहळू आटत जाणारा प्रवाह होय, आणि तो आटत असताना प्रत्यक्ष पाहण्याची दुर्मीळ संधी या माशीने शास्त्राला दिली आहे.